छताच्या वरचे अडीच फूट

माय,

मी आजकाल दवाखान्यांच्या इंजिनियर लोकांना शिकवतो. हसू नकोस. घरातला एक बल्ब बदलायला ज्याला तू तीन-तीनदा सांगायचीस, तो आता पडद्यावरच्या चित्रांकडे बोट दाखवत उभा राहतो आणि समोर वीस-पंचवीस पोरं-पोरी लिहून घेतात. चालू दवाखान्यात तोडफोड करायची तर काय काळजी घ्यायची, हा माझा विषय. पार्टिशन फरशीपासून थेट वरच्या स्लॅबपर्यंत न्यायचं, फॉल्स सीलिंगपाशी थांबवायचं नाही. सांधे चिकटपट्टीनं बंद करायचे. एसीच्या जाळ्या झाकायच्या. काम चालू असलेल्या बाजूची हवा पंख्यानं बाहेर ओढायची, म्हणजे धूळ पेशंटकडे जात नाही. मलबा झाकलेल्या गाडीतून, वेगळ्या वाटेनं न्यायचा. कोरडा झाडू मारायचा नाही. आणि सगळ्यांत आधी वॉर्डातल्या सिस्टरला जाऊन विचारायचं, की तुमच्याकडे कोणते पेशंट आहेत. हे शेवटचं मी जरा आवाज चढवून म्हणतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, साहेबांना नर्सेसबद्दल फार आदर आहे.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगतो. "एका साइटवर एक इंजिनियर होता," अशी ती सुरू होते. इतक्या वेळा सांगितली आहे, की कुठे थांबायचं आणि कुठे पाणी प्यायचं हेही ठरून गेलं आहे. त्या गोष्टीत तू आहेस, पण 'एक अनुभवी सिस्टर' म्हणून. मीही आहे. त्या इंजिनियरला मी चांगलाच झोडतो. तो किती मूर्ख, किती घाबरट, सगळं सांगतो, आणि पोरं मान हलवतात. परवा एका पोरीनं विचारलं, "सर, त्या इंजिनियरचं पुढं काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही. त्याचं चांगलं चाललंय." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला तिथे उभं राहवेना. चहाची सुट्टी वेळेआधीच जाहीर केली.

तुझ्या स्वयंपाकघरातून सुरू करतो, कारण मी हे सगळं तिथेच शिकलो होतो. शिकलो नव्हतो म्हणून काही झालं, असं म्हणायची मला सोय नाही. कुकटपल्लीतल्या आपल्या दोन खोल्या. मी आठवीत असेन. बाबांनी कंपनीतून सुट्टी काढली आहे, कारण स्वयंपाकघराची भिंत फोडून तिथे खिडकी बसवायची आहे. मेस्त्री यायच्या आधी तू दोन जुनी लुगडी बादलीत भिजवतेस, पिळतेस आणि मधल्या दाराच्या चौकटीला वर खिळे मारून पडद्यासारखी सोडतेस. एकावर एक, दोन पदर. बाबा हसतात. मेस्त्री आत येताना लुगडं डोक्यावरून बाजूला करत म्हणतो, "अम्मा, शादी का मंडप डाले क्या?" तू म्हणतेस, "हौ, मंडपच है. तुम काम करो." दिवसभरात तू ती लुगडी तीनदा उतरवून पुन्हा भिजवतेस. संध्याकाळी मला बोलावून बादलीतलं पाणी दाखवतेस. पातळ चुन्यासारखं पांढरट-करडं. "बघ, हे सगळं आपण खाल्लं असतं," म्हणतेस. हे तुला तुझ्या ट्रेनिंगच्या मेट्रनबाईंनी शिकवलेलं. भिंत फुटली की तिच्या पोटातली वर्षानुवर्षांची घाण मोकळी होते. धडधाकट माणसाला दोन शिंका येतात, ज्याच्या अंगात काही उरलेलं नसतं त्याला मारायला ती पुरते. मला त्या वयात यातलं एवढंच कळलं, की आपली माय जरा जास्तच करते.

डिप्लोमा झाला त्या दिवशी तू ड्यूटी संपवून मला सुलतान बाजारला नेलंस. पांढऱ्या साडीतच होतीस. मला वाटलं शर्टाचं कापड घेणार. तू हार्डवेअरच्या दुकानात शिरलीस आणि मोजपट्टी मागितलीस. पोलादी, पाच मीटरची, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. दुकानदाराला ती चारदा ओढायला लावलीस. मग माझ्या खिशात स्वतः ठेवलीस आणि म्हणालीस, "अंदाजानं काही करू नको. मोजून करत जा." गर्दीत बस मिळेना, म्हणून आपण बरंच अंतर चालत गेलो आणि तू सगळ्या वाटेनं दुकानांच्या दारांची रुंदी मला विचारत होतीस. मी न मोजता सांगायचो आणि तू म्हणायचीस, "मोजलं का?" ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. पहिल्या फुटाचे आकडे पुसून गेले आहेत.

त्या वर्षांत सगळं शहर नवं व्हायला निघालं होतं. बाहेरचं भांडवल येणार, बाहेरची यंत्रं येणार, असं जो तो बोलत होता. दवाखान्यांना आपण दवाखाना दिसतो याचीच लाज वाटायला लागली होती. त्यांना हॉटेलसारखं दिसायचं होतं. काच, ग्रॅनाइट, सेंट्रल एसी. मी ज्या गुत्तेदाराकडे, म्हणजे कंत्राटदाराकडे, कामाला लागलो त्याला असंच एक काम मिळालं, आणि ते नेमकं तुझ्या दवाखान्याचं निघालं. जुन्या इमारतीचा मागचा भाग तोडून तिथे नवीन अतिदक्षता विभाग करायचा होता. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तुला आनंद झाला, आणि लगेच तू गंभीर झालीस. "हे बघ," तू म्हणालीस, "तिथं मी तुझी माय नाही. सगळे सिस्टर म्हणतेत, तू बी सिस्टर म्हण. मी इंजिनियर साब म्हणते. माझ्यामुळं तुला काम भेटलं असं कुणी म्हणायला नको. आपल्या लोकांबद्दल असं बोलायला लोकांची जीभ तयारच असती." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. आपण दोघं सकाळी एकाच बसनं निघायचो, कोटीच्या स्टॉपवर उतरायचो, तू पुढे आणि मी दहा पावलं मागे, आणि फाटकातून आत गेलं की, "नमस्ते सिस्टर." "नमस्ते इंजिनियर साब." संध्याकाळी घरी त्यावरून केवढं हसायचो.

आपलं हे नाटक एकाच माणसानं ओळखलं. तुझ्या वॉर्डाच्या टोकाला चार खाटांची खोली होती, रक्ताच्या कॅन्सरची औषधं चालू असलेल्या पेशंटांची. खिडकीजवळच्या खाटेवर जामबागच्या शाळेतल्या एक शिक्षिका होत्या. तेलुगूत शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं सगळा वॉर्ड त्यांना पंतुलम्मा म्हणायचा. डोक्यावर केस नाहीत, रुमाल बांधलेला, आणि मांडीवर पोरांच्या वह्यांचा गठ्ठा. नवरा शाळेतून वह्या आणून द्यायचा आणि तपासून झाल्या की परत न्यायचा. एकदा दुपारी मी मोजमाप घ्यायला त्या खोलीबाहेर उभा होतो, जेवणाचा डबा हातातच होता. त्यांनी मला जवळ बोलावलं. "इंजिनियर साब, डिब्बा खोलो." मी खोलला. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. त्यांनी तुझ्या टेबलाकडे बोट केलं. तिथे तुझा डबा उघडा होता. भाकरी आणि अंबाडी, तेलुगूतला गोंगूरा. "मैं पंतुलम्मा हूँ," त्या म्हणाल्या, "कापी करे सो तुरंत पकड़ती. दोनों डिब्बे में एकीच गोंगूरा. अम्मा है ना?" मी लाजून हो म्हणालो. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर मी दिसलो की त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "सिस्टर, आपके इंजिनियर साब आ गए," आणि तू कागदात तोंड खुपसायचीस.

त्यांच्या खोलीपलीकडची भिंत आम्ही फोडत होतो. एसीचा डक्ट तिथून न्यायचा होता. चुन्याची जुनी, जाड, ओल धरलेली भिंत. कोपऱ्यात काळी बुरशी दिसायची. मध्ये मी प्लायवूडचं पार्टिशन उभं केलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. रंगबिंग लावून झकास दिसत होतं. तू दुसऱ्याच दिवशी स्टूल मागवलंस, त्यावर चढलीस आणि फॉल्स सीलिंगची एक टाइल उचकटलीस. "इंजिनियर साब, तुमचा टेप द्या." मी दिला. तू हात वर घालून मोजलंस. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत येऊन संपलं होतं. त्याच्या वर, खऱ्या स्लॅबपर्यंत, अडीच फूट मोकळं होतं, आणि ती पोकळी तुझ्या वॉर्डाच्या डोक्यावरून सरळ शेवटच्या खोलीपर्यंत गेली होती. तुझ्या हाताला कोपरापर्यंत धूळ लागली होती. तू तो हात माझ्यासमोर धरलास.

बोललीस ती घरी आल्यावर. "एक तर पेशंट हलवा, नाहीतर वरपर्यंत प्लाय लाव. तोवर फोडायचं बंद कर." पेशंट हलवायला दुसरी खोली नाही, असं मॅनेजर साहेबांनी तुला आधीच सांगितलं होतं. काम बंद ठेवायला गुत्तेदार तयार नव्हता. प्लाय यायला आठवडा लागणार होता. मग तूच वाट काढलीस. पार्टिशनच्या वरची टाइलांची एक ओळ मी काढली, स्लॅबला हुक मारले, आणि तू तिथून ओल्या चादरी सोडल्यास. दवाखान्याच्या हिरव्या चादरी, दुहेरी, पार्टिशनच्या काठाखालपर्यंत आलेल्या. दारालाही दोन. तुझ्या आया दर दोन-तीन तासांनी त्या बदलायच्या. दिसायला वाईट दिसत होतं, पण मी शेवटच्या खोलीच्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवून पाहिलं होतं, बोटाला काही लागत नव्हतं. ते मला त्याच वेळी दिसलं होतं. मला माहीत होतं, माय.

मग ती पाहुण्यांची भेट ठरली. परदेशातून आलेले दोन डॉक्टर आणि त्यांच्याबरोबरचे सूटवाले. दवाखान्यात भांडवल घालायचं की नाही ते बघायला येणार होते. आदल्या दिवशी संध्याकाळी, तू घरी गेल्यावर, मॅनेजर साहेब फेरीला आले, वर बघितलं आणि म्हणाले, "ये क्या धोबीघाट बना को रक्खे मियां? निकालो पूरा." गुत्तेदारानं माझ्याकडे पाहिलं. पालमूरकडून कामाला आलेल्या एखाद्या मजुराला मी सांगू शकलो असतो. सांगितलं नाही, कारण टाइला नीट बसायला हव्या होत्या आणि ते त्यांच्याकडून नीट झालं नसतं. मी स्वतः शिडीवर चढलो, चादरी उतरवल्या, हुक वर वाकवले, टाइला परत बसवल्या आणि कडा ओल्या फडक्यानं पुसल्या. खाली उतरून लांबून पाहिलं. इतकं सुंदर, सपाट, पांढरं छत. वर अडीच फूट मोकळे आहेत हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. पलीकडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फोडायचं चालूच होतं, कारण पाहुण्यांना डक्टमधून गार हवा येताना दाखवायची होती.

सकाळी तुझी ड्यूटी नुकतीच लागली आहे आणि पाहुणे व्हरांड्यातून येत आहेत. मी इस्त्रीच्या शर्टात गुत्तेदारामागे उभा आहे. आणि तू समोरून येतेस, हातात बादली, बादलीत भिजवलेल्या चादरी. वर बघतेस, थांबतेस. तुझा चेहरा मला आत्ताही दिसतो. राग नव्हता त्यात, तू फक्त गोंधळली होतीस. "इंजिनियर साब," तू म्हणालीस, "वो चादरां किधर गए? ऊपर से धूल आती ना, अंदर पेशंट हैं." सगळे थांबले. परदेशातल्या डॉक्टरांनी विचारलं, काही अडचण आहे का. मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की हो सर, सिस्टर बरोबर बोलतात, दोन मिनिटांत लावतो. कदाचित त्या डॉक्टरांना ते आवडलंही असतं. त्यांच्या देशात हे सगळं करत असतील. मी म्हणालो, "नो सर. सिस्टर को कन्स्ट्रक्शन का मालूम नहीं." आणि तुझ्याकडे वळून, "सिस्टर, आप अपना काम देखिए." तू म्हणालीस, "जी." आणि बादली घेऊन आलीस तशी परत गेलीस. पाणी थोडं फरशीवर सांडलं होतं. ते मी पायानं पुसलं.

त्या रात्री जेवताना तू फक्त एवढंच म्हणालीस, "उद्या परत लाव." मी म्हणालो, "हाव." दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब म्हणाले, पाहुणे अजून शहरात आहेत, पुन्हा चक्कर मारतील. त्यानंतर गुत्तेदार म्हणाला, आता थोडंच राहिलंय. चार दिवस असे गेले आणि चारही दिवस मी घरी तुला "उद्या लावतो" म्हणालो. तू वाट बघायचं सोडून हाताला लागेल ते करू लागलीस. पंतुलम्मांची खाट जाळीपासून लांब ओढलीस. जुन्या एक्स-रेच्या फिल्मा चिकटपट्टीनं जोडून एसीच्या जाळीवर लावल्यास, खोलीत कुणाकुणाची हाडं आणि छात्या छताला दिसायच्या आणि पंतुलम्मा म्हणायच्या, "सिस्टर, अब भूतों का क्लास भी ले लूँ क्या?" पाचव्या दिवशी प्लाय आलं, मी ते स्लॅबपर्यंत लावलं, सांधे भरले. एकदम व्यवस्थित. मला वाटलं, झालं, निभावलं.

पुढच्या आठवड्यात पंतुलम्मांना ताप आला. मग कोरडा खोकला. नेहमीची औषधं चालेनात. त्यांच्या अंगात लढायला काही उरलेलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात बुरशी आहे. तू रजा घेतली नाहीस, सुट्टीच्या दिवशीही गेलीस. मी त्या खोलीकडे जायचं टाळत होतो. साइटवर मला भरपूर कामं निघत होती. शेवटच्या दिवसांत एकदा दारावरून जावंच लागलं. मांडीवर वह्या नव्हत्या. त्यांनी मला ओळखलं आणि ओठांवर बोट ठेवलं, पहिल्या दिवसासारखंच, आपलं गुपित अजून गुपितच आहे हे सांगायला. मी हसलो आणि निघून गेलो. दोन दिवसांनी त्या गेल्या. आमच्या भिंतीमुळेच गेल्या हे कुणी सिद्ध केलं नाही. करायला कुणी गेलंही नाही. बुरशी कुठूनही येऊ शकते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण मी तुझ्या हाताला कोपरापर्यंत लागलेली धूळ पाहिली होती.

चौकशी म्हणजे मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं. ते, गुत्तेदार, तू आणि मी. डॉक्टरांनी कुठल्याशा कागदावर धुळीचा उल्लेख केला होता, म्हणून कुणावर तरी ढकलणं भाग होतं. मॅनेजर साहेबांनी तुला विचारलं, "सिस्टर, वार्ड के चादरां कौन निकाले?" आपणच हुकूम दिला होता हे ते विसरले होते, किंवा त्यांना विसरायचं होतं. गुत्तेदार खिडकीबाहेर बघत होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता सांगते. आणि मला हेही वाटलं, की तिनं सांगू नये. दोन्ही एकाच वेळी. तू म्हणालीस, "मालूम नहीं सर. वार्ड मेरा है." मी तोंड उघडायला हवं होतं. मी खाली बघितलं. तुझ्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, तेवढंच पाहत राहिलो. तुला मेमो मिळाला, निष्काळजीपणाचा. वॉर्ड काढून घेतला आणि तुला लिनन रूममध्ये पाठवलं. निवृत्त होईपर्यंत, जिनं तेवीस वर्षं पेशंट सांभाळले होते तिनं, धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घातल्या. मला गुत्तेदारानं पुढच्या कामाचा इनचार्ज केलं.

महिन्याभरानं पंतुलम्मांचा नवरा आपल्या घरी आला. पत्ता शोधत, दोन बसगाड्या बदलून. दार मी उघडलं. तो तुला भेटायला आला होता, आभार मानायला. शेवटपर्यंत ती तुमचंच नाव घेत होती, म्हणाला. तू त्याला बसवलंस आणि म्हणालीस, "हा माझा लेक. इंजिनियर आहे." तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. "बहुत अच्छी अम्मा है आपकी," म्हणाला. तू चहा केलास. तो बोलत होता, तू ऐकत होतीस, मी कपाकडे बघत होतो. तो गेल्यावर तू कप उचललेस आणि मोरीकडे जाता जाता म्हणालीस, "त्याला मी सांगितलं नाही. ते माझ्याकडचं नाही, तुझ्याकडचं आहे. पत्ता दिलाय त्यानं, जामबागचाच. तू जाऊन सांग." मी म्हणालो, "हाव." या विषयावर तू पुन्हा कधी बोलली नाहीस. मला टोमणा मारला नाहीस, डबा द्यायचं थांबवलं नाहीस, अंबाडीची भाजी तशीच करत राहिलीस. त्यापेक्षा तू मला मारलं असतंस तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. आणि असं वाटण्यातही माझीच सोय होती, हे आता कळतं.

पुन्हा कधी बोलली नाहीस असं म्हणालो, ते चुकलं. एकदा बोललीस. तुझ्या आजारपणात, अगदी शेवटी. मी चमच्यानं पाणी पाजत होतो. तू डोळे न उघडता विचारलंस, "जामबागला गेलतास का?" इतक्या वर्षांनी. मी म्हणालो, "हाव, जाऊन आलो." "काय म्हणले?" मी म्हणालो, "काही नाही. चहा दिला." तुझा चेहरा सैल झाला. "चांगला माणूस आहे," म्हणालीस, आणि झोपलीस. मी गेलो नव्हतो, माय. मरणाऱ्या माणसाशी बोललेलं खोटं लोक माफ करतात म्हणे, पण ते मी तुझ्यासाठी बोललो नव्हतो. तू पुन्हा विचारू नयेस म्हणून बोललो होतो.

त्यानंतर मी त्या गल्लीत सात-आठ वेळा गेलो असेन. कोपऱ्यावरूनच परत आलो. परवा, ती पोरगी तसं विचारून गेल्यावर, मी दारापर्यंत गेलो. पंतुलम्मांचे यजमान ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. खूप म्हातारे झाले आहेत. डोळ्यांजवळ पेपर धरलेला. "कौन होना?" कोण हवंय, असं त्यांनी विचारलं. सगळं पाठ करून गेलो होतो. तोंडातून निघालं, "साब, इधर स्कूल किधर है?" ते लगेच उठले. नको नको म्हणत असताना चपला घातल्या, काठी घेतली आणि माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आले. काठीनं दाखवलं. "वो पीला फाटक दिखता ना, वोइच. हमारे मिसेस उधरीच पढ़ाते थे. भोत साल हो गए." मी म्हणालो, "ऐसा क्या?" त्यांनी विचारलं, "बच्चे के एडमिशन के लिए आए?" मी म्हणालो, "हौ." "डालो डालो, अच्छा स्कूल है," ते म्हणाले. "वापस आते वक्त घर को आओ, चाय पीके जाओ." मी पिवळ्या फाटकापर्यंत चालत गेलो, कारण ते बघत होते. मग दुसऱ्या वाटेनं बसस्टॉपवर आलो.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाच नाही. पण ते खरं तर तुझ्यासाठी नव्हतंच. घरी येऊन बसलो होतो त्यांना लिहायला. त्यांचा पत्ता मला पाठ आहे, पोस्टाची पेटी आपल्या कोपऱ्यावरच आहे, आणि ते जिवंत असेपर्यंतच पत्र पोचणार आहे. वरचा मायना लिहिला आणि पुढे हात चालेना. तुला लिहायला घेतलं तर भराभर पानं भरली, कारण तुला सगळं माहीत होतं आणि तू याआधीही मला झाकलं आहेस. त्या केबिनमध्ये उभा होतो तसाच आजही तुझ्या आड उभा आहे. पहिल्या पानावर नीट पाहिलंस तर दिसेल. तिथे आधी 'सर' लिहिलं होतं, ते खोडून वर 'माय' केलं आहे.